गरिबाचा वकील

घोटीची पेठ भाताची पेठ म्हणून साऱ्या नाशिक जिल्ह्यास ठाऊक आहे. इगतपुरी तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात कापणी उरकली की भाताची पोती येथील गिरण्यांच्या दारी येऊन पडतात आणि मुंबई-आग्रा रस्त्याने तांदूळ बाहेरगावी रवाना होऊ लागतो. या उलाढालीत मालाचा धनी, अडत्या, गिरणीवाला व गाडीवाला यांचे आपसांत खटके उडत नाहीत असे नाही. पैसा अडकला, माल कमी भरला, हुंडी किंवा धनादेश परत आला, म्हणजे आमचे व्यापारी बंधू काय करतात? कागदपत्रे बगलेत मारतात आणि ओळखीच्या वकिलाकडे जातात. वकिलावाचून कोर्टाची पायरी चढू नये हे शहाणपण त्यांस कोणी शिकवावे लागत नाही. आज आम्हांस त्यांच्याशी बोलावयाचे आहे ते त्यांच्याच आवारात पोती वाहणाऱ्या माणसाविषयी.

अशी कल्पना करा की, एका रात्री गिरणीच्या आवारातून पाच पोती तांदूळ नाहीसा झाला. रात्रपाळीस असलेला हमाल वाडीवरचा ठाकूर किंवा कातकरी. संशय त्याच्यावर गेला व पोलिसांनी त्यास धरून नेले. चोवीस तासांच्या आत त्यास दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यास इगतपुरीच्या न्यायालयात नेले. तेथे सरकारच्या बाजूने सरकारी वकील उभा आहे. पोलिसांचे कागद तयार आहेत. पंचनाम्यावर सह्या झालेल्या आहेत. आरोपीच्या बाजूस कोण आहे? दाराशी त्याची बायको कडेवर मूल घेऊन उभी आहे. तिला ‘रिमांड’ म्हणजे काय हे माहीत नाही, आणि तिच्या कनवटीस परतीच्या भाड्यापुरते पैसे आहेत की नाहीत याची शंका. हा मनुष्य चोर असेल, नसेल. परंतु तो चोर आहे की नाही हे ठरविण्यासाठीच जे न्यायालय भरले आहे, त्यात त्याच्या तर्फेने एक शब्द बोलणारा कोणी नसेल, तर त्या कामास चौकशी म्हणावे की केवळ शिरस्ता पुरा करणे म्हणावे?

व्यापाऱ्याच्या भाषेत अशा निकालास एकतर्फी निकाल म्हणतात. दिवाणी दाव्यात आपल्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करून घेण्यासाठी आमचे व्यापारी केवढी धावपळ करतात! तेथे तर प्रश्न रुपयांचा असतो; येथे प्रश्न माणसाच्या आयुष्याच्या वर्षांचा आहे. शिवाय येथे आरोपी न्यायालयात प्रत्यक्ष उभा असतो. देहाने हजर आणि वाचेने गैरहजर अशी त्याची अवस्था असल्यामुळे हा एकतर्फीपणा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, इतकेच.

हा विचार आम्ही नव्याने काढलेला नाही. गरिबांस कायद्याचे साहाय्य मिळावे म्हणून मुंबईत १९२४ साली ‘बॉम्बे लीगल एड सोसायटी’ स्थापन झाली होती. १९४९ साली मुंबई सरकारने न्यायमूर्ती ना. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी एक समिती नेमली होती. घटनेच्या २२ व्या कलमाने अटकेतील प्रत्येक माणसास आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क दिला. मात्र ज्याच्या खिशात दमडी नाही, त्याच्या पसंतीस काय किंमत, हा प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. त्या वेळी घातलेल्या ३९-अ या कलमाने सांगितले की, पैशाच्या किंवा अन्य कशाच्या अभावी कोणा नागरिकास न्याय नाकारला जाऊ नये, आणि त्यासाठी सरकारने मोफत विधी साहाय्य द्यावे.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वास धार आणली. त्यातील काही महत्त्वाचे निर्णय आमच्या महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणांत झाले, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९७८ साली होसकोट यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, तुरुंगात पडलेल्या निर्धन माणसास अपिलासाठी वकील पुरविणे ही सरकारची मेहेरबानी नसून कर्तव्य आहे, असे सांगितले. १९७९ साली बिहारातील हुसैनआरा खातून प्रकरणात हाच हक्क जीवित व स्वातंत्र्याच्या २१ व्या कलमाचा भाग ठरला. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या हालांविषयी पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेले पत्र न्यायालयाने अर्ज म्हणून दाखल करून घेतले आणि १९८३ साली हुकूम दिला की, कोणासही अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीस कळवावे. १९८६ साली सुक दास प्रकरणात आणखी एक पाऊल पुढे पडले. आरोपीने वकील मागितला नाही म्हणून तो हक्क सोडून देतो असे समजावयाचे नाही. कारण ज्यास हक्क आहे हेच ठाऊक नाही, तो मागणार तरी कसा? आणि २०१२ साली, ज्याच्याविषयी साऱ्या देशाच्या मनात संताप होता त्या अजमल कसाबच्या खटल्यातही न्यायालयाने हे बजावून सांगितले की, आरोपी प्रथम पुढे आणला जाईल त्याच वेळी त्यास वकिलाच्या हक्काची जाणीव देणे व वकील पुरविणे हे प्रत्येक दंडाधिकाऱ्याचे बंधनकारक कर्तव्य आहे.

येथे आमचा एखादा वाचक म्हणेल, “आम्ही कर भरावयाचा, आणि त्या पैशातून चोर-दरोडेखोरांस वकील द्यावयाचे, हा कोठला न्याय?” हा आक्षेप आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याच्या घरी चोरी झाली त्यास असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही की, पोलिसांनी ज्यास धरले तोच गुन्हेगार. हे गृहीत किती महाग पडते याचा दाखला शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. तो आमच्याच नाशिक जिल्ह्याने दिलेला आहे.

२००३ सालच्या जून महिन्यात नाशिकजवळील एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचे प्राण गेले. स्त्रियांवर अत्याचार झाले. गुन्हा इतका अघोरी की, ऐकणाऱ्याचे रक्त खवळावे. या गुन्ह्याबद्दल भटक्या जमातींतील सहा मजुरांस धरण्यात आले. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांस फाशी सुनावली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली व तिघांस जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांसही पुन्हा फाशी दिली. पुढे पुनर्विलोकनात असे दिसून आले की, त्या तिघांची शिक्षा वाढविताना त्यांचे म्हणणे नीट ऐकूनच घेतले गेले नव्हते. म्हणून २०१८ साली जुना निर्णय मागे घेण्यात आला, अपिले नव्याने ऐकली गेली, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या संग्रहातील छायाचित्रांवरून पहिल्यांदा भलतेच चौघे ओळखले होते. त्या चौघांचा तपास पोलिसांनी केलाच नव्हता. हे सारे कागद पहिल्यापासून दप्तरात होते. सोळा वर्षे ते तेथेच होते, आणि सोळा वर्षे हे सहा जण तुरुंगात होते. त्यांतील एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकास पाच लाख रुपये देण्याचा हुकूम सरकारास केला. सोळा वर्षांचे पाच लाख!

आता आमच्या आक्षेपकास आम्ही विचारतो की, या प्रकरणात नुकसान कोणाचे झाले? सहा निरपराध मजुरांचे झाले, हे उघडच आहे. परंतु ज्या कुटुंबाचा संसार त्या रात्री उद्ध्वस्त झाला त्याचेही तितकेच झाले. खरे मारेकरी त्यांस मिळाले नाहीत. मिळाला तो केवळ एक निकाल, आणि तोही शेवटी फिरला. आरोपीचा वकील फिर्यादीचा शत्रू असतो ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. पंचनामा केव्हा झाला, पंच कोण, ओळख परेड कशी घेतली, पहिल्या जबाबात काय होते आणि न्यायालयातील साक्षीत काय आले, हे प्रश्न उलटतपासणीत कोणी कसून विचारीत असेल तरच पोलिसांस खरा गुन्हेगार शोधण्याची निकड राहते. ज्या पेठेत माप पुन्हा करून पाहणारा कोणीच नसतो, त्या पेठेतील मापाडी किती दिवस दक्ष राहील, याचे उत्तर आमचे व्यापारी आमच्यापेक्षा अधिक चांगले देऊ शकतील.

शिवाय गरिबाच्या वकिलाचे काम आरोपीच्या बचावापुरतेच नाही. २०२२ सालच्या सप्टेंबरात याच तालुक्यातील उभाडे येथील एका कातकरी बालिकेचा मृत्यू झाला, आणि कातकऱ्यांची लहान लहान मुले क्षुल्लक पैशांच्या मोबदल्यात मेंढ्या राखण्यासाठी परजिल्ह्यात वेठीस ठेवली जातात ही लाजिरवाणी गोष्ट साऱ्या महाराष्ट्रापुढे आली. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. शेहेचाळीस वर्षांनंतरही तो वाडीपर्यंत पोचला नव्हता, कारण कायदा आपल्या पायांनी चालत जात नाही. त्यास कोणीतरी बोटास धरून न्यावे लागते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाने वेठबिगारीस बळी पडलेल्यांस मोफत वकिलाचा हक्क स्पष्टपणे दिलेला आहे. त्याच कलमाने अनुसूचित जाती व जमातींच्या लोकांस, स्त्रियांस, बालकांस, अपंगांस, औद्योगिक कामगारांस आणि अटकेत असलेल्या प्रत्येक माणसास, उत्पन्न न पाहता, हा हक्क आहे. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा ठरविलेली असून महाराष्ट्रात ती वर्षास तीन लाख रुपये आहे. घोटीच्या बाजारात डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या किती बायामाणसांस हे ठाऊक असेल? आमचा अंदाज, शंभरांत पाचांसही नसेल.

आता जी व्यवस्था आहे तिच्याकडे वळू. हा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याने देशास राष्ट्रीय, राज्यास राज्य, जिल्ह्यास जिल्हा प्राधिकरण आणि तालुक्यास समिती दिली. पुष्कळ वर्षे हे काम यादीवरील वकिलांकडून होत असे. त्यांचा स्वतःचा धंदा चालू असावयाचा, आणि मधूनच एखादे गरिबाचे काम त्यांच्या वाट्यास यावयाचे. त्याचा मोबदला अल्प, तोही उशिरा. त्यांतील काहींनी निष्ठेने काम केले, हे आम्ही आदराने नमूद करतो. परंतु ज्या कामावर घर चालत नाही ते काम मागे पडावयाचेच. ‘फुकटचा वकील म्हणजे फुकटच’ असा बोलबाला लोकांत झाला तो यामुळे. आणि बायकोचे मंगळसूत्र मोडून खाजगी वकील करणारा मजूर आम्ही याच समजुतीपायी पाहिलेला आहे.

हा दोष ओळखून राष्ट्रीय प्राधिकरणाने २०२२ सालापासून नवी योजना विस्ताराने हाती घेतली. सरकारी वकिलाचे जसे कार्यालय, तसेच आरोपीच्या बचावाचेही जिल्ह्याच्या ठिकाणी कायम कार्यालय असावे. तेथे मुख्य, उप आणि साहाय्यक असे पूर्णवेळ वकील असावेत. त्यांनी खाजगी धंदा करू नये. मुख्य वकिलास फौजदारी कामाचा किमान दहा वर्षांचा अनुभव असावा, अशी तिची रूपरेषा आहे. अमेरिकेत हा विचार क्लारा फोल्ट्झ नावाच्या स्त्री-वकिलाने १८९३ सालीच मांडला होता, आणि लॉस एंजेलिस येथे १९१४ साली असे पहिले कार्यालय उघडले. तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहिणाऱ्या गिडियन नावाच्या निर्धन कैद्यामुळे १९६३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क सर्व राज्यांस लागू केला. आपण उशिरा निघालो, पण वाट योग्य धरली, असे आमचे मत आहे.

परंतु योजनेचे स्वागत करून लेखणी खाली ठेवणे हे आमचे काम नव्हे. या वकिलांची नेमणूक कराराची असते व तिची मुदत मोजकी. ज्यास पुढील वर्षी आपण येथे असू की नाही हे माहीत नाही, त्याने पाच वर्षे चालणारा खुनाचा खटला कोणत्या भरवशावर अंगावर घ्यावा? सरकारी वकिलाच्या पाठीशी पोलिसांचे सारे तपासयंत्र उभे असते; बचावाच्या वकिलाने मात्र वाडीवर जाऊन साक्षीदार शोधावयाचा तर त्याच्यापाशी माणूस नाही आणि वाहनही नाही. त्याचा पक्षकार ठाकरी किंवा कातकरी बोलीत बोलतो, दोषारोपपत्राची मराठी त्यास समजत नाही, आणि दोघांमध्ये दुवा जोडणारा कोणी नाही. कार्यालय नाशिकास, वाडी डोंगरात, आणि दोहोंच्या मध्ये घोटी. या मधल्या टप्प्यावर काहीच नसणे हे आमच्या दृष्टीने या व्यवस्थेचे मोठे न्यून आहे.

जामिनाचा प्रकार तर याहून खेदकारक. न्यायाधीश जामीन देतात. परंतु जामीनदार उभा राहिला पाहिजे आणि त्याने सातबाराचा उतारा किंवा मालमत्तेचा दाखला आणला पाहिजे. ज्याच्या साऱ्या गोतावळ्यात एक गुंठा जमीन नाही त्याने सातबारा कोठून आणावा? अशा रीतीने न्यायालयाने मोकळा केलेला माणूस गरिबीने अडकून राहतो. २०२२ सालच्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे शेकडा पंचाहत्तरांहून अधिक, केवळ चौकशीच्या प्रतीक्षेत असलेले होते. त्यांतील सगळेच जामिनास पात्र होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने, काही गंभीर गुन्हे वगळता, पहिल्याच गुन्ह्याच्या आरोपीस कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढल्यावर सोडण्याची तरतूद केली आहे. आणि गरीब कैद्यांची जामिनाची रक्कम भरण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ साली साहाय्याची योजनाही केली आहे. ही कलमे कैद्यास कोण वाचून दाखविणार? त्याचे दिवस कोण मोजणार? पूर्णवेळ वकील असेल तरच हे होईल.

म्हणून आमच्या मागण्या थोडक्या व स्पष्ट आहेत. पहिली, सरकारने या वकिलांस दीर्घ मुदतीची नेमणूक व सरकारी वकिलाच्या तोडीचे वेतन द्यावे. कारण तराजूची दोन्ही पारडी एकाच धातूची असावयास पाहिजेत. दुसरी, प्रत्येक कार्यालयास तपासाचे काम करणारा एक माणूस आणि आदिवासी बोली जाणणारा एक साहाय्यक मिळावा. तिसरी, घोटीसारख्या बाजाराच्या गावी आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्याच दिवशी, या कार्यालयाचा एक वकील ग्रामपंचायतीत येऊन बसावा. वाडीवरचा माणूस नाशिकास जाणार नाही. बाजारास मात्र तो येतोच. चौथी, पोलीस ठाण्यात, बसस्थानकावर, रेल्वे स्टेशनात व शाळेच्या भिंतीवर, मोफत वकील मिळतो ही गोष्ट आणि १५१०० हा विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लिहिलेला असावा.

सरकारास सांगून झाले. आता आपल्या लोकांस. नाशिक व इगतपुरीच्या वकीलवर्गास आमची विनंती आहे की, या कामास प्रतिष्ठा देणे त्यांच्या हाती आहे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी बॅरिस्टरीच्या आरंभीच्या काळात, स्वतःची ओढगस्त असताना, गरिबांची कामे घेतली. १९२६ साली पुण्यात जेधे व जवळकर यांच्यावरील खटल्यात ते बचावासाठी उभे राहिले. ज्या जिल्ह्याने १९३० साली काळाराम मंदिराच्या दाराशी त्यांचा सत्याग्रह पाहिला, त्या जिल्ह्यातील तरुण वकिलांनी गरिबाचा बचाव हे उमेदवारीचे काम न समजता मानाचे समजावे.

आणि व्यापारी बंधूंस तर आम्ही आग्रहाने सांगू. तुमच्या हमालास, गड्यास, मोलकरणीस पोलिसांनी नेले, तर तुम्ही त्याच्या निर्दोषपणाची ग्वाही द्यावी असे आमचे म्हणणे नाही. फिर्याद तुमचीच असेल तर ती मागे घ्या असेही आम्ही म्हणत नाही. इतकेच करा की, त्याच्या घरच्या माणसास दुकानात बोलावून सांगा, “न्यायाधीशासमोर उभा राहिलास की वकील माग, सरकार देते.” एवढे एक वाक्य. त्यास पैसा पडत नाही, वेळ लागत नाही. ते वाक्य वेळेवर कानी पडले तर एखाद्याची पाच-दहा वर्षे वाचतील. आणि तुमचा तांदूळ खरोखर ज्याने नेला, तो सापडण्याचा संभवही वाढेल.

आपल्या पोरास अपघाताने, संशयाने किंवा कोणाच्या दुष्टाव्याने उद्या कोठडीत बसावे लागणार नाही, अशी खात्री या पेठेतील कोणास देता येईल? ज्यास पैसा आहे तो वकील करील. ज्यास नाही, त्याचा वकील आपण सर्वांनी मिळून करावयाचा, असे आपल्या घटनेने ठरविले आहे. त्या ठरावास घोटीत किती अर्थ आहे, हे इगतपुरीच्या न्यायालयात पुढील वेळी उभा राहणारा हमाल एकटा उभा राहतो की नाही, यावरून दिसेल.